भूक नाही म्हणणाऱ्याचे शेवटचे सांगणे

मी, माणिकराव आश्रुबा घुगे, कापूस खरेदी केंद्रावरचा निवृत्त ग्रेडर, राहणार जिंतूर, जिल्हा परभणी, आज शुद्धीवर आहे, डोके ठिकाणावर आहे आणि कोणी हात धरून लिहवून घेत नाही. पोट तेवढे ठीक नसते, पण त्यावरून मृत्युपत्र रद्द होत नसावे. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, पत्नी कमलबाई हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. तिच्या हयातीत ते कोणी विकू वा वाटू नये. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

२. वडिलोपार्जित शेतातला माझा हिस्सा मुलगा रंगनाथ यास. तो परभणीला नोकरीला आहे आणि रात्री घरी येऊन "भूक नाही" म्हणतो, असे सूनबाई सांगत होती. हे त्याने कोणाचे उचलले ते मला ठाऊक आहे. शेत घ्यावे, ही सवय ठेवू नये.

३. सायकल धाकटे बंधू तात्याराव यांना. मी ताटावर बसलो की त्यांना बियाणे, बहिणीचे लग्न आणि बांधाचे भांडण नेमके आठवायचे, आणि आई त्यांची री ओढायची. दिवसभर केंद्रावर बैलगाड्यांची रांग. ज्याच्या कापसाला खालची प्रत लावली तो शिव्या घालणार, वरची लावली तर त्याच्या मागचा घालणार. त्यावर घरी हे. घास घशाखाली उतरत नसे. सायकलवर बसून तात्यारावांनी कुठेही जावे, फक्त कोणाच्या जेवणाच्या वेळेला जाऊ नये.

४. माझा पितळी डबा. याविषयी थोडे लांबवतो.

घरच्या मागण्यांना कंटाळून मी केंद्रासमोरच्या हॉटेलात खाऊ लागलो. भजी, शेव, मिळेल ते, उभ्याउभ्या. कमलबाईने भरून दिलेला डबा तसाच परत यायचा. घरात रांधलेले असताना बाहेर खाल्ले हे सांगायची लाज वाटे, म्हणून म्हणायचो, "भूक नाही." आमच्यात नवरा जेवल्याशिवाय बाई ताटाला हात लावत नाही. ती म्हणायची, "तुमी दोन घास खा, मग मी बसते." मी खात नसे. "मग मला बी न्हाई," म्हणून ती भाकरीची टोपली झाकून ठेवायची. "जेवून आलो" एवढे खरे बोललो असतो तरी ती जेवली असती. मला हे तेव्हाही कळत होते, आणि तरी मी भरल्या पोटी झोपत होतो. याची मला फार शरम वाटते.

आता तिच्या पोटात जखम आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर जेवत जा. ती त्यांनाच म्हणाली, "ह्यांचं कुठं वेळेवर व्हायलंय." म्हणून हल्ली मी भूक नसली तरी दिवेलागणीलाच ताटावर बसतो. हे लिहितानाही आतून आवाज आला, "झालं का लिवून? भाकरी निवायलीय."

डबा शेजारच्या सगुणाबाई खंदारे यांना द्यावा. त्यांचे मालक भगवानराव माझ्याबरोबर केंद्रावर वजनकाट्यावर होते. सगुणाबाई एकदा कमलबाईला म्हणाल्या, "वहिनी, भूक काय नवऱ्याला इचारून लागती का?" कमलबाई हसली, पण जेवली नाही.

५. माझा देह घरात असेल तोवर चूल पेटणार नाही, आणि स्मशानातून परतल्यावर सोयऱ्यांच्या घरून कडू घास येईपर्यंत सगळे उपाशी राहतील. रिवाज आहे, बाकीच्यांनी पाळावा. कमलबाईला मात्र त्या जखमेसकट उपाशी ठेवू नये. मला उचलण्याआधी सगुणाबाईंनी त्याच डब्यातून आपल्या घरची गरम भाकरी आणावी. खंदाऱ्यांच्या घरचे अन्न म्हणून भावकीतले काहीजण नाक मुरडतील. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादापासून ते जरा जास्तच मुरडतात. त्यांनी खुशाल उपाशी राहावे.

ती नको म्हणेल. माझ्याकडे बोट दाखवून म्हणेल, ह्यांचं व्हायचंय. जे खरे असताना मी कधी बोललो नाही, ते त्या दिवशी खोटे असले तरी सगुणाबाईंनी माझ्या वतीने सांगावे: "वहिनी, ते जेवून गेले. तुमी बसा."

लिहून ठेवणार : माणिकराव आश्रुबा घुगे (सही)

आमच्यासमोर सही केली :
व्यंकटराव देशमुख, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
चंद्रभान कदम, शेतकरी (सही)

जिंतूर, ११ डिसेंबर १९८८