टोपड्याचा दुसरा बंद

चि. वैजू,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंस तर धास्तावशील.

मागचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हापासून तू मला बजावतेस, जन्माआधी काही शिवायचं नाही. पण या खेपेला डॉक्टरांनी तुला एसटीत बसायला मनाई केली. तू रोह्याला सासरी पडून आणि मी इथे गडब गावात. हात स्वस्थ बसेनात. जुन्या मऊ लुगड्याचं टोपडं शिवायला घेतलं, वर फेल्टच्या कापडाची पिवळी चिमणी लावली.

शेजारच्या गिरजाबाईने पाहिलंच. "कोणासाठी गो?"

"बाहुलीसाठी."

"व्हय? बाहुलीचे कान गारठतात वाटतं!" हसली, मग जवळ बसून हळूच म्हणाली, "पुरं करू नको. पुरं नाय केलंस तर शिवलं नाय."

म्हणून एकच बंद लावलाय. काल फोनवर तू विचारलंस, "आई, काही शिवलं नाहीस ना?" मी म्हटलं, "नाय गो." खोटं बोलले, ते तुला कळलं का?

रोज सुई ओवते आणि तशीच काढून ठेवते. दुसरा बंद तुझ्यासमोर लावीन, बाळ तुझ्या मांडीवर रडत असताना.

वाट पाहणारी,
तुझी आई