खळग्यातली काळी माती

मी, आश्रुबा वल्द धुळाजी, धंदा शेती व गुरे, राहणार मौजे वाघदरा, तालुका पाटोदा, जिल्हा बीड, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दाबाखाली न येता हे सांगतो व पटवारी आप्पाराव यांजकडून लिहवून घेतो. ताप आहे, हात सुजला आहे. बोलणे मात्र माझेच आहे.

राहते घर, बैलजोडी व औत मुलगा धर्मराज याचे. भांडी व शेळ्या पत्नी जानकीबाई हिच्या. त्यांवर मुलाने हक्क सांगू नये.

आता डोंगराखालचा खळगा. तिथली माती काळी, चुनखडीची, उन्हाळ्यातही ओल धरणारी. वरची बरड तांबडी, मुरमाड, गवत बोटभर. म्हणून गुरे खळग्यातच चरत आली, आणि कोरड्या सालामागून पाऊस झाला की मरत आली. सांजेला धडधाकट असलेली गाय सकाळी आडवी, नाकातून काळे रक्त. बरडीवर चरणारे जनावर असे कधी गेले नाही.

धाकटा मुलगा बंकट याने गेल्या साली मेलेल्या बैलाचे कातडे सोलले. मानेवर पुळी आली, मध्ये काळी. "दुखत न्हाई, बाबा. मुंगी चावली असंल," म्हणाला. आठवड्यात तो गेला.

माझा भाऊ रामकिसन याने गावात उठवले की, खळग्याशेजारच्या सत्यभामाबाईने करणी केली. मी तिच्या दारात आडवा उभा राहिलो. "एकल्या बाईला कावून छळता?" म्हणालो. मला बाजूला ढकलून लोकांनी तिचे छप्पर ओढून पाडले. ती तेलगावला भावाकडे गेली.

नंतर बीडहून ढोरांचे सरकारी डॉक्टर आले. म्हणाले, "काळपुळीच्या रोगाचे बीज मातीतच आहे, डोळ्याला दिसत नाही. पाण्याबरोबर उतारावरून खाली येते. मुरमात फार टिकत नाही. ही ओली, चुन्याची माती त्याला मानवते. मेलेले जनावर फाडू नका, जाळा."

"नांगरलं तर जाईल का?"

"उलट वर येईल."

"मग कवा जाईल?"

"आपल्या हयातीत नाही."

यंदा गाय पडली. ती मी एकट्याने जाळली, धर्मराजास जवळ येऊ दिले नाही. तरी माझ्या मनगटावर पुळी उठली.

बरडीचा पूर्वेकडचा निम्मा भाग सत्यभामाबाईस कायमचा द्यावा आणि तिचा काही दोष नव्हता अशी गावात दवंडी पिटावी. रामकिसनने हरकत घेऊ नये. उरलेली बरड धर्मराजाची.

खळगा कोणासच द्यायचा नव्हता. पण आप्पाराव म्हणतात, "मालकाबिगर जमीन ऱ्हात न्हाई, आश्रुबा." नाइलाजाने तोही धर्मराजाच्या नावे. त्याने काट्यांचे कुंपण घालावे. तिथे पेरू नये, चारू नये, गवत कापून आणू नये.

माझे प्रेत न धुता, कपड्यांसह जाळावे. जानकीबाईने मला कवटाळू नये. हे तिला तोंडाने सांगवले नाही, म्हणून लिहवले.

वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचून दाखवला. धर्मराज म्हणाला, "बाबा, समदं ऐकलं. पर औंदा बरडीवर गवत लई कमी हाय. जनावरं काय मुरूम खातील?" तेही लिहून घ्यावे म्हणालो.

निशाणी अंगठा आश्रुबा वल्द धुळाजी
साक्ष: अर्जुनराव वल्द सुंदरराव
साक्ष: रामकिसन वल्द धुळाजी (ऐकून उठून गेला, सही नाही)
साक्ष, त्याचे जागी: सारजाबाई, निशाणी बांगडी
लेखक: आप्पाराव पटवारी
मुक्काम वाघदरा, तारीख ९ आबान (भाद्रपद), सन १३३१ फसली