पाखरांना कळतो चांगला ड्रायव्हर

३ मार्च, सकाळी ७
संकल्प: दहा तारखेला ड्रायव्हिंग टेस्ट पास. पंधराला लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला जाणार. सामानासकट मीच तिला गाडीने पोचवणार. घरात जाहीर करून टाकलं. बायकोने लगेच देवापुढे दिवा लावला. म्हणजे कौतुकच.

४ मार्च
रस्त्यात साळुंकी. हॉर्न दिला. ढिम्म हलेना. मीच थांबलो. मागून स्कूटर आली, तेव्हा मात्र भुर्रकन उडाली! पाखरांना चांगला ड्रायव्हर कळतो. ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणाले, काका, तिला वाटलं गाडी पार्क केलीय.

६ मार्च
वाचनात आलं: पक्षी समोरच्या गाडीचा वेग बघतच नाहीत. त्या रस्त्यावर एरवी गाड्या किती जोरात जातात, त्या अंदाजाने उडतात. हायवेवर लांबूनच, गल्लीत अगदी जवळ आल्यावर. म्हणजे चूक साळुंकीची नाही, माझीही नाही. रस्त्याची आहे. सरांना नीट समजावलं. ते म्हणाले, आधी क्लच सोडा.

८ मार्च
नवा संकल्प: थांबायचं नाही. पाखरू आपलं आपण बघून घेईल. आज सराव नाही. पाठ धरलीय.
लेक म्हणाली, बाबा, राहू दे ना, मी चालवते. तिला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली. हसण्यावारी नेलं. तीन तासांचा रस्ता, मी स्टिअरिंगवर, शेजारी ती. कॉलेजात गेल्यापासून पोरीशी धड बोलणंच झालेलं नाही. ते काही नाही, मीच चालवणार.

१० मार्च
नापास.
टेस्टच्या मैदानात वळणावर कावळा. संकल्पाप्रमाणे थांबलो नाही. तोही हलला नाही. तिथे दिवसभर शिकाऊच गाड्या चालवतात, तो कशाला घाबरतोय? शेवटी करकचून ब्रेक. गाडी बंद. मग तो चालत बाजूला झाला. उडायचीसुद्धा तसदी घेतली नाही! शेजारी बसलेले साहेब म्हणाले, हा रोजचाच आहे, बाकीचे वळसा घालून जातात. पाखरांचं शास्त्र सांगायला लागलो, तर पुढच्या माणसाला हाक मारली.

१५ मार्च, दुपारी १
लेकीने चालवली. तिच्या शेजारी तिची आई. मी मागे, गादी आणि बादलीच्या मधे. हायवेवर पाखरं खरंच लांबून उडत होती. सांगायला पुढे वाकलो, तर मायलेकींचं कसलंसं हसणं चाललेलं. तीन तासांचा रस्ता तिने सव्वादोन तासांत संपवला. उतरल्यावर म्हणाली, बाबा, बघ किती लवकर पोचलो!
मी चालवली असती, तर संध्याकाळ झाली असती.