आकाशाचा नकार

प्रिय चिमणे,

अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. हात तुझ्या बाबाचा असला तरी तोंड माझं आहे. मला लिहिता येत नाही, आणि सूनबाईने साफ सांगितलं, "आई, ज्याने घोळ घातलाय त्यालाच बसवा." म्हणून बसवलाय. गाल फुगवून लिहितोय.

तू सांगितलेलं मला समजलं ते एवढंच : विश्व पसरता पसरता वेग घेतंय, त्यामागे कुणाला न दिसणारी एक शक्ती आहे असं सगळे धरून चालतात. तू म्हणालीस, शक्ती कशाला, फार लांबच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच जरा वेगळा असेल. मग तुझ्या नियमाने दीर्घिकांचे पुंजके किती दाट व्हायला हवेत ते काढलंस आणि दुर्बिणींच्या मोजमापाशी ताडून पाहिलंस. जुळेना. "आजी, सिद्धान्त पडला," म्हणालीस. मी म्हटलं, पडला म्हणजे गुरुत्वाकर्षण शाबूत आहे की! तू हसलीस. तेवढ्यात ह्याने फोन ओढला आणि म्हणाला, "म्हणजे इतक्या वर्षांचं मुसळ केरात?" तेव्हापासून तू ह्याच्याशी बोलत नाहीस. सुट्टीतही येणार नाहीस, असं आईला कळवलंस.

अगं, स्पष्ट नकार मिळायलाही नशीब लागतं. तुझ्या आजोबांना काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." सगळा संसार मी त्या 'बघू'वर रेटला. तुला तर अख्ख्या आकाशाने तोंडावर 'नाही' सांगितलं. आता त्या वाटेला दुसरं कुणी फुकट जाणार नाही.

आणि हा शहाणा! दुकानांतले वजनकाटे तपासून पोट भरतो. दुसऱ्याचा काटा खोटा निघाला की मिशीला पीळ देत घरी येतो. पोरीने स्वतःचाच काटा खोटा आहे हे शोधून चारचौघांत सांगितलं, तर म्हणे मुसळ केरात. लिही रे, थांबलास का? हेही लिही.

खरं सांगू? हे सगळं मी फोनवरही बोलले असते, माझा तू उचलतेस. पण ह्याच्या घशात एक शब्द अडकलाय. तुझा नंबर लावतो आणि वाजायच्या आत बंद करतो. बोलवत नाही तर निदान लिहू दे, म्हणून मी पत्राचं निमित्त काढलं. खाली जागा सोडायला सांगितलीय. तिथे काय लिहील ते मला वाचता यायचं नाही आणि सूनबाईला मी वाचू देणार नाही. ते तुमचं तुम्ही.

तुझीच,
तोंडाळ आजी

बेटा, चुकलो. सुट्टीत ये. तुझा नियम कुठे अडला, ते मला पहिल्यापासून समजावून सांग.
बाबा