प्रार्थनेच्या जागी उद्देशिका

झरी जामणी, रविवार

प्रिय आई,

तुझा मुलगा ठणठणीत आहे, इथली भाकरी मानवलीय. सुके बोंबील तेवढे आठवतात. तुझे गुडघे कसे आहेत?

कॉलेजात संविधान शिकवायचो, ते इथेही सुटलेलं नाही. ग्रामसभेत धीटपणे बोलता यावं म्हणून दर शनिवारी गावकऱ्यांकडून उद्देशिका म्हणून घेतो. त्यानेच आज घोटाळा केला. चर्चमध्ये मिस्सात विश्वासांगीकाराच्या प्रार्थनेऐवजी माझ्या तोंडून निघालं, "आम्ही, भारताचे लोक..." मी थांबलो, पण मंडळी थांबली नाहीत. उद्देशिका पुरी करून त्यांनी वर "आमेन" म्हटलं.

मागे दोन अनोळखी माणसं मोबाईलवर चित्रण करत होती. धर्मांतराची तक्रार करणार म्हणे. मंडळीतल्या भीमाबाई टेकाम मला म्हणाल्या, "फादर, तुमी काहून भेता? आमी आमचंच तं म्हणून राह्यलो."

मी हसलो खरा, पण दुपारपासून अंगणात येरझारा चालल्यात. पुढच्या रविवारी ती माणसं परत येतील. प्रार्थना तर होईलच. तिच्यानंतर उद्देशिकाही म्हणावी का, या वेळी मुद्दाम?

तू रोज माळ म्हणताना माझ्यासाठी शांती मागतेस. या आठवड्यात ती नको मागूस. माझा आवाज थरथरू नये, एवढंच माग.

तुझा,
बावतीस