‘तर’च्या शेवटावरचा माझा अर्धा हक्क

मी, प्रितम रामा ओव्हाळ, वय वर्षे ७१, धर्म बौद्ध, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार बौद्धवाडी, आगरदांडा, तालुका मुरूड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. मला हवी त्याहून जास्तच शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही, टाकायला घरात दुसरे माणूस उरलेले नाही. हृदयाच्या दोन झडपा निकामी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि शस्त्रक्रिया मी नाकारली आहे. २०२३ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र या दस्ताने रद्द होते. त्यात माझा जुना विद्यार्थी निकेश याला माझ्याकडून काहीही मिळू नये, असे एक वाक्य आहे. ते तर आधी रद्द समजावे.

१. माझी एकुलती मुलगी जागृती १९ नोव्हेंबर २०२१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने वारली. तिचे वय एकोणतीस होते व ती अविवाहित होती. तिच्या मालमत्तेचे वारस आम्ही आईवडील. माझी पत्नी भक्ती ९ जानेवारी २०२४ रोजी वारली व तिचा हिस्साही माझ्याकडे आला. म्हणून खाली जे देतो ते देण्याचा मला अधिकार आहे.

२. बौद्धवाडीतील राहते घर, पडवी, परसातील विहीर व दोन माड हे सर्व माझा पुतण्या संघर्ष याला द्यावे. विहीर माझ्या वडिलांनी स्वतः खणली, कारण त्यांचे बालपण दुसऱ्याच्या विहिरीपासून लांब उभे राहून कोणीतरी पाणी ओतील याची वाट बघण्यात गेले. या विहिरीवर पाण्याला आलेल्या कोणालाही संघर्षने परत पाठवू नये. जागृतीला पोचवून आल्यावर याच पडवीत तो म्हणाला होता, ‘दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून होती, अजून काय होणार?’ घर देतो याचा अर्थ ते बोलणे मी विसरलो, असा त्याने घेऊ नये.

३. बँकेतील ठेव आणि माझी सर्व पुस्तके कपाटासह गावच्या बुद्धविहारातील अभ्यासिकेला द्यावीत. कपाटाचे डावे दार उचलून धरल्याशिवाय उघडत नाही.

४. स्वयंपाकघरातील सर्व भांडी आणि सुक्या मासळीने, म्हणजे जवळ्याने, भरलेल्या अकरा बरण्या भागुबाई शिवदास मकू यांना द्याव्यात. जवळा आता खाण्याजोगा राहिलेला नाही. तरी बरण्या मी रिकाम्या केलेल्या नाहीत. कारण कलम सहामध्ये आहे.

५. ‘तर’ या खेळाविषयी. जागृती पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीला होती. नोकरी सांभाळून तिने व भागुबाईंचा मुलगा निकेश याने मिळून संगणकावर खेळायचा एक खेळ तयार केला. निकेश आमच्या बंदरावरच्या कोळी घरातला, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. दोघे लहानपणापासूनचे मित्र. खेळाची गोष्ट, नियम आणि संगणकाचे काम तिचे, चित्रे त्याची, आणि हक्क अर्धा-अर्धा, असा दोघांचा लेखी करार आहे.

हा दस्त वाचणाऱ्याला खेळ माहीत नसणार, म्हणून थोडक्यात लिहितो. तर म्हणजे माणसांना खाडीपार नेणारी होडी. खेळणारा त्या होडीचा तांडेल असतो. होडीत चढण्याआधी प्रत्येक उतारूला आपले काहीतरी अलीकडच्या काठावर टाकावे लागते. कोणी दागिना टाकतो, कोणी कोर्टाचा कागद, कोणी आडनाव. प्रत्येक फेरीला तांडेलाचेही काही जाते. आधी झोपडी जाते, मग कंदील, मग आईच्या हाकेची आठवण. असे सगळे गेल्यावर वल्हे मारतो तो कोण, हा खेळाचा प्रश्न आहे. आम्ही आत्मा मानत नाही. जागृती सहावीत असताना हा प्रश्न मीच तिला जेट्टीवर बसून घातला होता.

खेळाचा शेवट तिने मला रुग्णालयात सांगितला. “बाबा, शेवटच्या फेरीला होडीत कोणीच नसतं. नुसता वल्ह्याचा आवाज येतो, मग तोही थांबतो. पडदा काळा होतो. आणि खेळणाऱ्याने इतके दिवस जे कमावलं ते सगळं खेळ स्वतःच पुसून टाकतो. त्याचं नावसुद्धा.”

“त्याला परत खेळायचं असेल तर?”

“पहिल्यापासून. आधी कधी आलाच नव्हता असं समजून. पटतंय तुम्हाला?”

मी म्हणालो, “याहून खरा शेवट असू शकत नाही.”

तिने डोळे मिटून घेतले. मला वाटले, समाधानाने.

६. या कलमात माझा अपराध आहे. तो दस्तात घालण्याची कायद्याने गरज नाही, असे वकील म्हणाले. मला आहे.

जागृती गेल्यावर पाच महिन्यांनी निकेशने खेळ इंटरनेटवर विक्रीला ठेवला. सदुसष्टाव्या वर्षी मी संगणकाची बटणे शिकलो आणि चार महिने धडपडून शेवटापर्यंत पोचलो. पडदा काळा झाला नाही. होडी पलीकडच्या काठाला लागली. तिथे दगडी कट्ट्यावर जागृती बसली होती. केस पूर्वीसारखे लांब, अंगात पिवळा कुडता. खाली एकच शब्द होता, ‘बस’. तो दाबला की तांडेल तिच्या शेजारी बसतो आणि खाडीचा आवाज येत राहतो. पुढे काही होत नाही. कितीही वेळ बसता येते.

मी संगणक बंद केला आणि निकेशला फोन लावला. “ज्या खेळाने माणसाला सगळं टाकायला लावलं, त्यानेच शेवटी आत्मा आणून काठावर बसवला? ही तिच्या विचाराशी बेइमानी आहे.”

तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, मला न्हाय जमलं पुसायला.”

पुण्याच्या कोणा मुलाने इंटरनेटवर मोठा लेख लिहिला होता. एवढा कठोर विचार मांडणाऱ्या खेळाने शेवटी रडवण्याचा सोपा रस्ता धरला, असे त्याचे म्हणणे. त्या लेखाची प्रत जोडून मी निकेशला वकिलामार्फत नोटीस धाडली. त्याने वाद घातला नाही. मार्च २०२३ मध्ये तो शेवट काढून जागृतीचा काळा पडदा लावला. ज्यांनी ज्यांनी खेळ घेतला होता, त्या सगळ्यांकडे तो आपोआप बदलला. तत्त्वाचा विजय झाला, असे मी भक्तीला जेवताना सांगितले. ती वाढत होती, वाढत राहिली.

खोटे दस्तात लिहायचे नाही, म्हणून लिहितो. तत्त्वाचा राग मला होता, पण तो मागून आला. आधी मला तो चेहरा बघवला नाही.

त्याआधीचे सहा-सात महिने भक्ती रोज दुपारी जवळा आणायला भागुबाईंकडे जात असे. भागुबाई सुकी मासळी विकतात. बरण्या भरत चालल्या. मी एकदा चिडून विचारले, “एवढा जवळा खाणार कोण?”

“असू दे. पावसाळ्यात होईल,” ती म्हणाली.

मार्चनंतर जवळा येणे थांबले. ते माझ्या ध्यानातही आले नाही. ती दुपारची भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, जेवण कमी झाले. मी तिला मुरूडच्या दवाखान्यात नेले. शक्तीच्या गोळ्या आणल्या. जानेवारीत ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पांगल्यावर भागुबाई पडवीत थांबल्या. म्हणाल्या, “गुरुजी, आता सांगते. बाई जवल्यासाठी येत न्हवती. निकेशच्या खोलीत जाऊन पोरीजवल बसायची. त्यानं तिला एक बटन दाखवलं व्हतं. तेवढं दाबायची नि बसायची. चहा ठेवला तरी घेत न्हवती. मंग पदर सारखा करून उठायची नि जवला मागायची. घरी रिकाम्या हातानं कशी जानार?”

मी विचारले, “शेवट काढल्यावर आली होती?”

“एकदा. काळं दिसलं. मला म्हनाली, भागुबाय, बिघडला वाटतं. मी काय सांगू? मला कुठं कळतंय त्यातलं. थोडा येळ तशीच बसली.”

७. हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी निकेशकडे जायला हवे होते. मला पावणेदोन वर्षे लागली.

निकेशने संगणकाचे काम सोडले आहे. तो होड्या रंगवतो, त्यांच्यावर नावे घालतो. गेल्या नोव्हेंबरात मी जेट्टीवर गेलो तेव्हा तो एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अक्षरे काढत होता. दिघीची बोट सुटून गेली होती, माणसे नव्हती. मी एका उलट्या टोपलीवर बसलो.

“नोटीस मी पाठवली हे भक्तीकाकीला माहीत होतं?”

“व्हय. बटन दाबून काळं दिसलं, त्या संध्याकाळी मीच जाऊन सांगितलं. तुम्ही विहारात होता. म्हटलं, काकी, लोकांसाठी काढलाय, माझ्या कॉम्प्युटरात तुमच्यापुरता परत लावतो. कोण बघतंय? तर म्हणाल्या, नको. त्यांना पटत न्हाय ना, मग चोरून बसायला बरं वाटत न्हाय.”

“आणि तू मला येऊन सांगितलं नाहीस.”

“राग होता, गुरुजी. वाटलं, काकी सांगतील. त्यांना वाटलं असंल, मी सांगीन.”

 मग मास्तराची खोड म्हणून म्हणालो, “तरी तो शेवट चुकीचाच होता, निकेश.”

त्याने कुंचला डब्यात ठेवला. “तो शेवट न्हवताच. मी तिथवर गेलो नि मला पुढं जाता आलं न्हाय. तुम्ही म्हणाल, ही तृष्णा. असंल. खेळ तृष्णेवरच हाय ना? माणूस सगळं टाकत जातो नि एका ठिकाणी अडकून बसतो, हे खोटं हाय का?”

“पण जागृतीची इच्छा काळ्या पडद्याची होती. मला स्वतः सांगितली होती तिने.”

“तुम्हाला सांगितली होती,” तो म्हणाला. पुढचे बोलावे की नाही, असे त्याला झाले असावे. “शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. म्हणाली, निकेश, तो पडदा फार वेळ काळा ठेवू नको, मला भीती वाटते त्याची. मी म्हटलं, मग बदलूया की. तर म्हणाली, नको. बाबांना आवडलाय.”

८. वरील खेळातील माझा संपूर्ण अर्धा हक्क, त्याच्या चित्रांवरील, गोष्टीवरील व शेवटावरील हक्कासह, मी निकेश शिवदास मकू याला देतो. तसेच जागृतीचा संगणक व तिच्या तीन वह्याही त्यालाच द्याव्यात. काही अट घालायची आहे का, असे वकिलांनी दोनदा विचारले. अट नाही. कोणता शेवट ठेवायचा, दोन्ही ठेवायचे की एकही नाही, हे त्याने ठरवावे.

माझे मत मागाहून कोणी विचारील, म्हणून नोंदवून ठेवतो. त्याला आदेश समजू नये. खेळाने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर काळ्या पडद्यात आहे, कट्ट्यावर नाही. हे मत मी आजही सोडलेले नाही. पण उत्तर बरोबर असून देणाऱ्याला त्याची भीती वाटत असेल, तर ते उत्तर त्याचे नव्हे. कोणीतरी शिकवलेले आहे. छत्तीस वर्षे मी मुलांकडून अशी उत्तरे घेतली आणि पूर्ण गुण दिले. त्यात माझ्या मुलीचे एक होते. तिचा स्वतःचा शेवट कोणता असता, हे मला माहीत नाही. मी तिला विचारले नाही, तिनेच मला विचारले, ‘पटतंय का?’ आणि मी लगेच हो म्हणालो.

९. माझे अंत्यविधी त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावेत. भाषणे नकोत. रक्षा परसातील माडाच्या मुळाशी घालावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संघर्षने करावी. हरकत असेल तर त्याने ती मी जिवंत असताना येऊन सांगावी.

१०. जेट्टीवरून निघताना निकेश म्हणाला की जुना शेवट परत लावायचे ठरले, तर तो जागृतीशेजारी काकीलाही बसवील. मी होकार दिला आहे. भक्तीचे चित्र काढताना तिला हिरवे नऊवारी नेसवू नये; ती कधी नेसली नाही. साधे पाचवारी, आणि पायांत काही नाही. घरी आली की ती चपला काढून पाय मोकळे सोडून बसत असे.

त्याने मग विचारले, “आणि तुम्हाला कुठं बसवू, गुरुजी?”

तेव्हा मी घराकडे चालू लागलो. उत्तर इथे देतो. मला त्या काठावर काढू नये. तिथून मुलीला मी उठवले आणि तिच्या आईलाही. त्यांच्याजवळ बसायला जागा मागण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. त्यामुळे तो कोणाला देताही येत नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. कलम सहाच्या मध्यावर मला थांबावे लागले, तिथून पुढे त्यांच्यापैकी सुचिताने वाचला. मग त्या दोघांच्या समक्ष मी प्रत्येक पानावर सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी केली. दोघांनाही या दस्ताने काहीही मिळत नाही.

ठिकाण : आगरदांडा
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६

(सही) प्रितम रामा ओव्हाळ

साक्षीदार :
१. (सही) मितेश जयंतीलाल शहा, किराणा दुकानदार, मुरूड
२. (सही) सुचिता हरिश्चंद्र पाटील, अंगणवाडी सेविका, आगरदांडा