सासूबाईंनी मला वेल्शमध्ये झापलं!

कार्डिफ,
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय विनीताईस,

धाकट्या हेडलीचा कमरेतून वाकून नमस्कार. (वाकताना जी कळ आली ती परवा मळ्यातला वाफा खणल्यामुळे, आदरात काही कमी नाही.) तुझी तब्येत कशी आहे? क्लिफर्डभावोजींचा गुडघा त्यांना हॅलिफॅक्सचे चढ चढू देतो की अजून नखरे करतो? कबुतरं मजेत ना? मुलं आपापल्या वाटेला लागल्यापासून तुमच्या वरच्या खोल्या रिकाम्याच असतील. (सहज विचारलं.) आणि आईचा पियानो अजून सुरात आहे का? (हेही सहजच.) इकडे आम्ही सगळे छान आहोत. मी तर इतका छान आहे की नेरिस म्हणाली, "एकदाचं तुझ्या बहिणीला कळव आणि मोकळा हो, नाहीतर छाती फुगून शर्टाची बटणं तुटतील."

तर कळवतो. ताई, माझ्या सासूबाईंनी मला झापलं. चांगलं खरपूस झापलं, आणि तेही वेल्शमध्ये. तू म्हणशील, यात मिरवण्यासारखं काय आहे? तेच सांगण्यासाठी हे पत्र आहे, तेव्हा खुर्ची जवळ ओढून बस.

तुला ठाऊकच आहे, लग्न करून मी इंग्लंडातून वेल्समधल्या या गावात आलो त्याला आता पंचवीस वर्षं होतील. सासूबाई, म्हणजे मॉर्विद, आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहतात आणि दर रविवारचं जेवण त्यांच्याकडे असतं. मी दारात कोट काढत असतो तेव्हा आत सासूबाई आणि नेरिस या मायलेकींची वेल्श धबधब्यासारखी चाललेली असते. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की धबधबा बंद, आणि इंग्रजीचा नळ सुरू. (मी अख्खा जन्म पाणीखात्यात काढला, इतका चोख बंद होणारा नळ मला कुठे बसवता आला नाही.) "या या हेडली, बसा, मटण अजून घेणार ना?" किती गोड! भांडण अर्ध्यावर सोडून गोड. एखादा विनोद रंगात आलेला असला, तर त्याचा शेवट माझ्यासाठी इंग्रजीत व्हायचा आणि तो बिचारा तिथेच मरायचा. सगळे हसायचे ते माझ्याकडे बघून, मला कळलं का म्हणून. कुणी कधी वाईट वागलं नाही, ताई. पण पंचवीस वर्षं रोज पाहुणा असणं फार थकवतं. मला वाटायचं, एकदा तरी मी आत यावं आणि कुणी बोलायचं थांबू नये.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी शिकवणी लावली. दर शनिवारी सकाळी, चॅपलच्या, म्हणजे इथल्या छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत. बाई आहेत हेलेद नावाच्या, वयाने माझ्या मुलाहून लहान आणि स्वभावाने इतक्या चांगल्या की मी खोकलो तरी म्हणतात, "वा, फार छान!" वर्ग सुटला की मी बाजारात जातो. आमचा इथला शनिवार म्हणजे चैन असते. तव्यावरून उतरलेले मनुकांचे वेल्श केक, वाफ निघतेय तोवर, हात भाजत खायचे आणि येईल त्याच्याशी वेल्श बोलायचं. मासेवाल्याशी मी सलग कितीतरी शनिवार बोललो. हवा, शिंपल्या, त्याच्या आईची तब्येत, सगळं घरून घोकून नेलेलं. तोही मान डोलवायचा. एके दिवशी माझा हात धरून म्हणाला, "राजा, मी इथेच जन्मलो, माझा आजा इथेच मासे विकायचा, पण तू बोलतोस त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तू येतोस ते मात्र बरं वाटतं हं, येत जा." त्या दिवशी त्याने मला दोन शिंपल्या जास्त घातल्या. मी त्याला अजूनही वेल्शमध्येच 'येतो' म्हणतो. एकदा लागलेली सवय सुटत नाही.

आणि ज्यांना कळतं त्यांचं तर विचारूच नको. चीजवाली, ग्रंथालयातले गृहस्थ, नदीकाठी कुत्रा फिरवणाऱ्या बाई, सगळे कौतुक करतात आणि लगेच इंग्रजीवर येतात. लहान मुलाने कविता म्हटल्यावर गालगुच्चा घेतात ना, तसं. सासूबाईंची तीच गत. मी रविवारी तयारीनिशी वेल्शमध्ये म्हटलं, "आज रस्सा फार चविष्ट झालाय." त्या इंग्रजीत म्हणाल्या, "अगंबाई, किती छान बोलता हो हेडली!" आणि बटाटे पुढे केले. शेवटी मी नेरिसला मध्ये घातलं, तर सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत बोलत आले. आता वेल्श बोलायचं म्हणजे टोपी घालून अंघोळ केल्यासारखं वाटतं." हे इथे सगळ्यांचंच असतं, ताई. ज्या भाषेत ओळख झाली, त्याच भाषेत माणसं एकमेकांना थेट कबरीपर्यंत पोहोचवून येतात. मी त्या रात्री फार खट्टू झालो. नेरिस म्हणाली, "जाऊ दे ना, आई आहे ती." जाऊ द्यायचं कुठे, ते तिने सांगितलं नाही.

आणि मग आला गेल्या महिन्यातला तो शनिवार. रग्बीचा सामना, वेल्स विरुद्ध इंग्लंड. (मी कुठल्या रंगाचा मफलर घातला होता, हे भावोजींना सांगू नकोस, त्यांचा गुडघा दुखेल.) त्या दिवशी शहर लालेलाल होतं, बाप्यांच्या डोक्यावर डॅफोडिल फुलांच्या पिवळ्या टोप्या फुलल्या होत्या. मैदान आमच्यापासून इतकं जवळ की आरोळी आधी खिडकीतून येते आणि ती कशाची होती ते टीव्हीवर क्षणभराने दिसतं. सासूबाई अगदी टीव्हीला नाक लावून बसलेल्या, मांडीवर विणकाम, पण सुया हातात शस्त्रासारख्या. मी चहाचा ट्रे घेऊन आलो. सकाळीच वर्गात एक सुंदर वाक्य शिकलो होतो, दूध आधी घालू की नंतर, असं अदबीने विचारणारं. मी नेमका टीव्हीसमोर उभा राहिलो, घसा खाकरला आणि वाक्य सुरू केलं. इतक्यात खिडकीतून आभाळ फाटल्यासारखी आरोळी आली. म्हणजे टीव्हीवर आता आमचा गडी रेषेपार झेपावणार. आणि टीव्हीपुढे मी.

"अरे ए ठोंब्या, हो की बाजूला! काचेचा आहेस का तू? दारात म्हैस बसावी तसा मधोमध उभा! पंचवीस वर्षं खाऊ घातलं ते काय माझा टीव्ही झाकायला? हल म्हणते ना! हल!"

ताई, सगळं कळलं. एकूण एक शब्द कळला! 'अहो हेडली' नाही, 'अरे ठोंब्या'! माझे पाय जमिनीला खिळले. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही हललो नाही. त्यामुळे त्यांना तो क्षण दिसला नाही, आणि मग तो पुन्हा दाखवतात ना, तोही दिसला नाही. दुसरी फैर आली, पहिलीपेक्षा कडक. त्यात माझ्या जन्मगावाचा उल्लेख होता. (तो तुला नंतर सांगेन.) नेरिस सोफ्यावर उशीत तोंड खुपसून हसत होती. मी वेल्शमध्ये म्हणालो, "चुकलं, सासूबाई. हलतो." तेव्हा कुठे आपण कुठल्या भाषेत बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणणार, किती छान बोलता. तसं काही म्हणाल्या नाहीत. वेल्शमध्येच म्हणाल्या, "चहा ठेव, निवतोय. आणि बस खाली."

मी बसलो. मेलेल्या आईची शपथ, मुलगा झाला तेव्हाही मी असा बसलो नव्हतो. सामना कोण जिंकलं हे मला दुसऱ्या दिवशी मासेवाल्याकडून कळलं. आणि रविवारी दारात कोट काढून आत गेलो तर मायलेकी बोलतच राहिल्या. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही! माझ्याबद्दलच तक्रार चालली होती, मी ताटाला पाव लावून रस्सा पुसतो म्हणून. मी खुर्ची ओढून बसलो आणि पोटभर ऐकली. आता सासूबाई माझ्याशी फक्त वेल्श बोलतात, आणि बहुतेक वेळा रागावूनच.

भावोजींना नमस्कार, कबुतरांना दाणे. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ,
हेडली (ठोंब्या)

ता. क. वेल्श केक डब्यात घालून वेगळे पाठवतोय. भावोजींनी खाल्ले तर ते कुठले आहेत हे सांगू नकोस.

ता. क. २. ताई, एक राहिलंच. सासूबाई झापतात तेव्हा सगळं कळतं, पण साधं बोलतात तेव्हा फार भरभर बोलतात. कालच्या जेवणात त्या मला बराच वेळ काहीतरी सांगत होत्या आणि मी मान डोलवत 'हो, हो, अगदी जरूर' म्हणत होतो. संध्याकाळी नेरिसकडून कळलं की ईस्टरनंतरच्या शनिवारी त्यांच्या चॅपलचं बायकांचं अख्खं गायन मंडळ हॅलिफॅक्सला कार्यक्रमाला येतंय आणि दोन रात्री तुझ्याकडे उतरतंय. हे मी कबूल केलंय. तुझ्या वतीने. तीनदा. अजूनही जाऊन सांगता येईल की सासूबाई, मला कळलंच नव्हतं. पण मग पुढच्या रविवारी तो नळ पुन्हा सुरू होईल, आणि मी मटण अजून घेणारा पाहुणा होईन. ते माझ्याने होणार नाही गं. वरच्या खोल्या, बैठक, आणि जमलं तर कबुतरांचा माळा.

ता. क. ३. नेरिसने आत्ता पत्र वाचलं आणि हसत सुटली. म्हणते, तुला काही कळत नाहीये हे आईला पहिल्याच वाक्याला तुझ्या तोंडावरून समजलं होतं. मी म्हटलं, मग त्या इंग्रजीत का नाही आल्या? तर म्हणे तिनेही आईला तेच विचारलं, आणि आई म्हणाली, "पाहुण्याला विचारावं लागतं गं. घरच्याला नुसतं सांगायचं." ताई, घरच्याला म्हणाल्या! गाद्या उन्हात घाल.